सगळे निरोप पद्माच्या वाटेने

कोयना धरणाच्या फुगवट्यापलीकडे, लाँचशिवाय जिथं पोचता येत नाही अशा एका दरीत पाच वाड्या आहेत. या पाचही वाड्यांची पशुसखी एकच, पद्मा शेलार. वय एकेचाळीस, अंगानं काटक, खांद्याला औषधांची निळी पिशवी. शेळ्यांना जंताचं औषध पाजणं, कोंबड्यांना लस टोचणं, अडलेली म्हैस मोकळी करणं ही तिची कामं. सकाळी सातला ती मुरावाडीतल्या घरातून निघायची, चढ-उतार करत पाचही वाड्या घ्यायची आणि दिवस कलताना परत यायची. दिवसाची अठरा किलोमीटर, पंधरा वर्षांचा नेम.

दरी अभयारण्यात येते, म्हणून तिथं मोबाइलचे मनोरे कधी उभे राहिलेच नाहीत. २०३७ साली एका संशोधन संस्थेनं त्यावर तोड काढली. वाड्यांतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला गळ्यात घालायची एक चकती दिली. कागदोपत्री तिचं नाव होतं 'संवादिका'. लोक तिला ताईत म्हणायचे. बटण दाबून बोललं की बोलण्याचा लहानसा लेखी निरोप व्हायचा आणि तो या ताइतातून त्या ताइतात उड्या मारत, शेवटी लाँचच्या धक्क्यावरच्या एकुलत्या एक खांबापर्यंत जायचा. खांबावरून पुढं उपग्रह, आणि उपग्रहावरून सगळं जग. ताइतात एक इवलासा लंबक होता. माणूस चाललं की तो हलायचा आणि त्यातून वीज व्हायची. जो चालेल त्याचा ताईत भरलेला, जो बसून राहील त्याचा रिकामा.

उड्या मारायचं कारण साधं होतं. दरीच्या या टोकावरून त्या टोकाला कुणाला हाक मारायची तर छाती फुटेपर्यंत ओरडावं लागतं. तेच वाटेत दहा माणसं उभी केली, तर प्रत्येकानं शेजारच्याच्या कानात पुटपुटलं तरी निरोप पोचतो, आणि कुणाचाच घसा बसत नाही. रेडिओलहरींचंही तसंच. अंतर दुप्पट झालं की चौपट ताकद लागते, आणि झाडीत, डोंगराच्या आडोशाला तर त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळे एका लांब उडीपेक्षा दहा छोट्या उड्या स्वस्त पडतात. प्रश्न एवढाच, की त्या दहा उड्या कुणाच्या गळ्यातून मारायच्या. ते ताईत आपापसांत ठरवायचे. चार वर्षांत त्यांनी काय ठरवलं होतं, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

नोव्हेंबरात पद्मा तीन दिवसांसाठी साताऱ्याला गेली. पशुवैद्यक सहायकाचा अकरा महिन्यांचा अभ्यासक्रम होता, त्याची मुलाखत होती. पंधरा वर्षं ती जे हातानं करत आली होती, ते तसं का करायचं हे तिला शिकायचं होतं. म्हशीच्या पोटात रेडकू का फिरतं, हा प्रश्न ती येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला विचारायची आणि दर वेळी "ते तुम्हाला नाही कळायचं" एवढंच उत्तर मिळायचं. मुलाखतीत तिनं तोच प्रश्न उलट विचारला. समोरच्या बाई हसल्या आणि चक्क कागदावर आकृती काढून त्यांनी तो समजावला. तेव्हाच तिला वाटलं, आपलं काम झालं.

परतताना लाँचवर तिचा नवरा महादेव होता. लाँच तोच चालवायचा. तिला बघून एरवी तो हात हलवायचा, आज हलवला नाही.

"काय झालं?"

"गेनूआबा पडलं. परवा सकाळी, न्हाणीत. खुब्याचं हाड मोडलंय. काल डोलीतनं आणलं, पलीकडं दवाखान्यात हायेत."

"ताईत नव्हता का गळ्यात?"

"व्हता की. तीनदा दाबलं म्हनत्यात. निरोप गेलाच न्हाय. पाच तास पडून व्हते. शालनवैनी भाकर घेऊन गेली तवा कळलं."

पद्मा घरी न जाता त्याच लाँचनं माघारी पलीकडच्या काठाला, दवाखान्यात गेली. गेनू सकपाळ अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, मुरावाडीच्या वरच्या अंगाला एकटे राहायचे. खाटेवर ते फार लहान दिसत होते. पद्मानं पायाशी बसून त्यांच्या पायावर हात ठेवला.

"तू असतीस तर गेला असता निरोप," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "रोज आठ वाजता तू वरनं जातीस. तुजी वाट बघत पडलो. मग ध्येनात आलं, तू गावाला गेलीस."

"आबा, वाडीत चौदा ताईत आहेत. मी एकटी थोडीच आहे?"

"मला काय ठावं पोरी. मी दाबलं. तांबडा दिवा लागला. मग तोबी विझला."

पद्माला रात्रभर त्या चौदा ताइतांनी झोपू दिलं नाही. जनावर मेलं की ते कशानं मेलं हे कळेपर्यंत तिला अन्न गोड लागायचं नाही, तसंच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन ती निघाली, पण शेळ्या बघण्याआधी प्रत्येक घरात तिनं ताईत बघायला मागितला. चौदांपैकी आठ खुंटीला टांगलेले निघाले. एक तर पिठाच्या डब्यात होता. उरलेले पाच गळ्यांत होते, पण दाबून बघितले तर दिवा जेमतेम मिणमिणत होता.

"आगं, कशाला घालायचा?" तिची थोरली जाऊ शालन म्हणाली. "मला काय सांगायचं असलं की मी उंबऱ्यात ठेवती. तू जाताना तुज्या गळ्यातला घेतोच की त्यातलं. सगळ्यांचं तसंच चाललंय."

हे शालननं अगदी सहज सांगितलं. पद्मानं तिथंच आपल्या ताइतावर बोट ठेवून निरोप बोलायला सुरुवात केली. निरोप रुहिना बागवानला होता.

रुहिना कराडची, वय एकतीस. ताइतांनी निरोप कुणाकडून न्यायचा याचा नियम तिनंच लिहिला होता आणि त्याबद्दल तिचं पुष्कळ कौतुक झालं होतं. एका निरोपाला इतकी कमी वीज लागणारं दुसरं जाळं देशात नव्हतं. ती चौथ्या दिवशी लाँचनं आली आणि पद्माच्या ओट्यावर लॅपटॉप उघडून बसली.

"गेल्या महिन्यातले सगळे निरोप आहेत हे, पद्माताई. एकेक रेघ म्हणजे एकेक उडी."

पडद्यावर पाच वाड्यांचे ठिपके होते. रेघा मात्र जाळ्यासारख्या नव्हत्या. सगळ्या एकाच ठिपक्याकडे धावत होत्या, आणि तो ठिपका दिवसभर दरीत फिरत होता.

"ही मी?"

"शंभरातले त्र्याऐंशी निरोप तुमच्यातून जातात." रुहिनाचा आवाज बारीक झाला. "मी नियम असा लिहिला होता, की ज्याच्याकडे वीज जास्त, त्याच्याकडून न्यायचं. ज्याची कमी आहे त्याला त्रास नको, त्यानं झोपावं. ताइताची सगळ्यात जास्त वीज बोलण्यात जात नाही, ऐकण्यात जाते. कान सतत उघडे ठेवायचे म्हणजे फार खर्च. म्हणून ज्याची वीज कमी, तो कान मिटून घेतो आणि मधूनमधून उघडतो. दहा मिनिटांनी, मग तासानं, मग चार तासांनी."

"आणि माझा कायम भरलेला."

"तुम्ही अठरा किलोमीटर चालता. तुमच्यासारखं कोणीच नाही. पुढं तर ताइतांनी हेही शिकून घेतलं, की पद्मा शेलार रोज आठला येते. मग शेजारच्याला उठवण्यापेक्षा तिची वाट बघणंच स्वस्त."

"आबांचा तातडीचा निरोप होता. तोही वाट बघत बसला?"

"नाही. त्यानं पूर्ण ताकदीनं तीनदा हाक मारली. पण खुंटीवरच्यांचे आणि मिणमिणत्यांचेही कान मिटलेले होते. ते उघडायच्या आतच आबांच्या ताइतातली वीज संपली." रुहिनानं पडदा अर्धा मिटला. "नियमात चूक शोधायला मी दोन दिवस घालवले. चूक नाहीये त्यात. तो सांगितलं तेच अगदी नीट करतोय."

पद्मानं आत जाऊन चहा आणला. समोर मुरावाडीच्या बांधावर कुणाच्या तरी शेळ्या झाडपाला ओरबाडत होत्या.

त्याच आठवड्यात साताऱ्याहून पत्र आलं. पद्माची निवड झाली होती, वर्ग दोन जानेवारीपासून.

पत्र लाँचवरच्या लोकांनी बघितलं होतं. बातमी पाचही वाड्यांत तिच्याच गळ्यातून पोचली, तिला ती लपवता आली नाही. रविवारी देवळापुढं ताइतांचा कारभार बघणाऱ्या संपर्क समितीची बैठक बसली. अध्यक्ष विलास कदम हा शांत, समजूतदार माणूस. त्यानं आवाज चढवला नाही.

"वैनी, तुमचं शिक्षण व्हावं असं सगळ्यास्नी वाटतंय. पर आबांचं बघितलं तुमी. तीन दिवस नव्हता तर ही गत. अकरा महिने म्हंजे? फुडल्या सालापातुर थांबा. तवर मॅडम काय तरी सोय करतील."

"पुढच्या वर्षी वय बसत नाही माझं," पद्मा म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघत राहिले. गेनूआबांच्या खाटेशी वाटलं होतं तसंच तिला परत वाटलं, आपण काहीतरी चोरून नेत असल्यासारखं. घरी येऊन तिनं महादेवला विचारलं, "तुला काय वाटतं?"

"तू गेलीस तर रोज लाँचवर माजं डोकं खात्याल लोक," महादेव म्हणाला. मग थोड्या वेळानं, "पर खाऊ देत."

पुढच्या आठवड्यात रुहिना परत आली. तिचा बेत असा, की पद्माऐवजी धक्क्यापर्यंत आठ खांब रोवायचे. पण वनखात्याची परवानगी मिळायला दीड वर्ष लागणार होतं. ती हताश होऊन पद्माबरोबर वाड्या फिरत होती. वरच्या वाडीत एका गोठ्यात पद्मानं तिला थांबवलं.

"ही काळी शेळी बघा. पहिल्या वेताला हिला इतकं दूध, की दुसऱ्यांची करडंसुद्धा हिलाच लुचायला लागली. मालकीण खूश. महिन्याभरात ही काळी वाळली. ते एक वेळ सोडा, पण बाकीच्या चार आयांचं दूधही आटलं. का सांगा?"

"का?"

"पिलू लुचलं नाही की सडात दूध येतच नाही. काढाल तेवढं येतं. नाही काढलं तर अंग समजतं, आता लागत नाही." पद्मानं शेळीच्या पाठीवर हात फिरवला. "तुमच्या नियमानं बाकीच्यांचं दूध आटवलंय. ताइतांचंही आणि माणसांचंही. मी इथं असले तरी ते आटलेलंच राहील."

रुहिना तिच्याकडे बघत राहिली. "मग तुम्ही काय केलंत?"

"काळीला आठ दिवस वेगळी बांधली. करडं दोन-तीन दिवस ओरडली. मग गेली आपापल्या आईकडं."

रुहिना तिथंच गोठ्याच्या दगडावर बसली आणि वहीत लिहू लागली. तिचा नवा नियम लहानसाच होता. प्रत्येक ताइतानं दिवसाला ठरावीक निरोप न्यायचे. त्यापुढं प्रत्येक निरोपाला त्याची किंमत वाढत जाईल, म्हणजे बाकीचे ताईत आपोआप दुसरी वाट शोधतील. आणि जो सगळ्यात भरलेला असेल, त्यानं मधूनमधून, काही कारण नसताना, नाही म्हणायचं. बाकीच्यांचे कान उघडे राहावेत म्हणून.

"यात वीज जास्त जाईल," ती म्हणाली. "दर निरोपामागं तिसरा हिस्सा तरी. आमचे सर म्हणतील, चार वर्षांत मिळवलेलं सगळं तू घालवलंस."

"आणि तुम्ही काय म्हणाल?"

"मी त्यांची आबांशी भेट घालून देईन."

सरांनी नवा नियम वापरून बघायला डिसेंबरचे तीन आठवडे दिले. त्या तीन आठवड्यांत पद्मानं नेहमीसारखं फिरायचं, पण ताईत काढून.

पहिले चार दिवस फार वाईट गेले. निरोप अडकले, उलटे फिरले. एका घरचा निरोप दोन वाड्या हिंडून त्याच घरी परत आला. ताईत मिणमिणू लागले की कर्कश वाजत, म्हणजे माणसानं उठून चालावं. लोक वैतागले. पण खरी अडचण पद्माला वेगळीच आली, जिचा रुहिनानं विचारच केला नव्हता. तिच्या गळ्यात ताईत नाही म्हटल्यावर लोक तिला तोंडी निरोप देऊ लागले.

"वैनी, एवढं वरच्या वाडीत सांगा, उद्या भात झोडायला या म्हनावं."

"वैनी, जाता जाता आमच्या बहिणीला..."

ताइताला नाही म्हणायला शिकवणं सोपं होतं. पद्मानं पंधरा वर्षांत कुणाला नाही म्हटलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं सातांपैकी पाच निरोप पोचवले आणि संध्याकाळी रुहिनाला तसं कबूलही केलं.

"मग आपण मोजतोय ते खोटं होईल, ताई," रुहिना एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शालन उंबऱ्यात उभी होती. "माज्या थोरलीला सांग, आईचं श्राद्ध मंगळवारी धरलंय."

शालन आणि तिची थोरली बहीण एकाच दरीत नांदत होत्या, दोन वाड्या सोडून. तीन वर्षांपूर्वी आईच्या दुखण्यात त्यांचं काहीतरी बिनसलं आणि तेव्हापासून सगळं बोलणं पद्माच्या ताइतातून व्हायचं. पद्माला ते माहीत होतं.

"नाही अक्का," ती म्हणाली. "मी नाही सांगणार."

"काय म्हनलीस?"

"तुमचा ताईत घाला आणि सांगा. नाहीतर जाऊन सांगा."

"आता साताऱ्याला जायच्या आदीच एवढी मोठी झालीस व्हय?" शालनचा चेहरा लाल झाला. तिनं दार धाडकन लावून घेतलं. पद्मा तशीच निघाली. त्या दिवशी एका म्हशीला पाजताना तिच्या हातून निम्मं औषध सांडलं.

तीन दिवस शालन तिच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी दुपारी पद्मा वरच्या वाडीच्या चढावर होती. शालन वरून उतरताना दिसली. घामानं भिजलेली, गळ्यात ताईत, हातात फडक्यात बांधलेली भाजी. तिनं पद्माकडे बघितलं नाही. शेजारून जाताना मात्र म्हणाली, "रडली ती. मी बी रडले. म्हातारी झालीया गं ती, मला ठावंच नव्हतं." आणि तशीच उतरून गेली.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी रुहिनानं परत पडदा उघडला. आता रेघा दरीभर पसरल्या होत्या, वेड्यावाकड्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. शंभरात बारापेक्षा जास्त निरोप कुणाच्याच गळ्यातून जात नव्हते. वीज तिसऱ्या हिश्श्यानं जास्त लागत होती आणि निरोप पोचायला पूर्वीपेक्षा उशीर होत होता. पण रुहिनानं मुद्दाम कुठल्याही चार माणसांचे ताईत बंद करून बघितले, तरी तातडीचा निरोप पंधरा मिनिटांत खांबापर्यंत गेला. खुंटीवर फक्त दोन ताईत उरले होते.

समितीच्या बैठकीला रुहिनाचे सरही आले होते. विलास कदमनं त्यांना विचारलं, "म्हंजे वैनी गेल्या तर चालंल?"

सरांनी रुहिनाकडे बोट केलं.

"त्या इथं राहिल्या असत्या तरी हेच करावं लागलं असतं," रुहिना म्हणाली. "चालेल की नाही, ते मात्र तुम्ही किती चालता त्यावर आहे."

लोक हसले. विलास हसला नाही, पण त्यानं मान डोलावली. पद्मानं एक जानेवारीची लाँच पकडली.

साताऱ्यातला पहिला महिना तिला जड गेला. वर्गात ती सगळ्यांत मोठी होती. शब्द नवे होते, सकाळी चालायला अंतर नव्हतं, पाय आखडायचे. मधूनमधून तिच्या फोनवर वाडीचे निरोप यायचे, आणि आल्यावर आधी ती मजकूर वाचायचीच नाही. प्रत्येक निरोपाखाली तो कुणाकुणाच्या गळ्यातून आला ती नावं रुहिनानं तिला दिसतील अशी सोय केली होती. पद्मा ती नावं बघून माणसं कुठं होती ते ओळखायची. कदमांची सून ओढ्यावर, म्हणजे आज धुणं. आबा काठी घेऊन अंगणात उतरलेले दिसतात. तिला हा खेळ आवडायला लागला होता.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी जनावरांच्या प्रसूतीचाच तास चालू होता. फोन थरथरला. निरोप निघून एक तास दहा मिनिटं झाली होती आणि तो अकरा गळ्यांमधून आला होता. त्यांत शालनच्या थोरल्या बहिणीचं नाव होतं. विलास कदमचंही होतं. निरोप शालनचा होता.

"पांढरी व्याली. करडू उलटं व्हतं. मागलं पाय आदी. तू कशी करतीस ते डोळ्याम्होरं आणलं आन् हात घातला. दोनी जगली. तुजी वाट न्हाई बघितली."

पद्मानं ते दोनदा वाचलं. शेवटच्या ओळीनं छातीत बारीकशी कळ आली, कुणीतरी आपली जागा घेतल्यावर येते तशी. शालनला रक्त बघवत नाही. एवढ्या वर्षांत गोठ्यात काही असलं की ती तोंड फिरवून उभी राहायची.

फळ्याजवळ बाई काहीतरी समजावत होत्या. करडामागची वार पडेपर्यंत शेळीचा धोका टळत नाही. पद्मानं बाकाखाली फोन धरून उत्तर लिहिलं.

"वार पडली का?"

उत्तर यायला तास सुटून गेला. ती व्हरांड्यात उभी होती तेव्हा ते आलं, या वेळी चौदा नावं घेऊन. एवढ्या लांबून फिरून आलेल्या निरोपात शब्द तीनच होते.

"पडली. तू शीक."